सोलापूरजवळच्या शाळेत नववीला खगोल शिकवायचंय. दुर्बीण नाही, एक जुना लॅपटॉप आहे. काय वापरू?

दुर्बिणीवाचून काही अडत नाही. स्टेलॅरियम टाका, म्हणजे पडद्यावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. आधी एफ६ दाबून ठिकाण सोलापूर करा, नाहीतर आकाश भलत्याच गावाचं दिसतं (माझा पहिला तास त्यातच गेला). मग भर दुपारची वेळ लावून कीबोर्डवरचं ‘ए’ दाबा. वातावरण गायब होतं आणि सूर्याशेजारचे तारे उघडे पडतात. ‘सर, म्हंजे आत्ता पण वर तारे हायत?’ असं एखाद्यानं विचारलं की निम्मा धडा झाला.

ध्रुवतारा १७-१८ अंशांवर दिसेल, कारण आपला अक्षांशच तेवढा. तोच कोन रात्री गच्चीवरून, कोनमापकाला दोरा-दगड बांधून, मोजायला लावा. पडद्यावरचं आणि खरं जुळलं की पोरं विश्वास ठेवतात.

शून्य सावली (सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते ती) मात्र स्क्रीनवरच दाखवा: ११ मेच्या आसपास, दुपारी साधारण १२:२३ ला. तेव्हा शाळेला सुट्टी. ऑगस्टच्या सुरुवातीला परत येते, तर ढग.

भौतिकशास्त्राला फेट (PhET) या संकेतस्थळावरची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावर करून बघायचे प्रयोग, बघा. लंबकाला चंद्रावर, मग गुरूवर न्या. आधी अंदाज वहीत लिहून घ्या, मगच बटण दाबा.