मॅजिकमध्ये घरी जिंकणारा माझा डेक स्पर्धेत का हरतो? आणखी कोणते पत्ते घालू?

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाबद्दलच्या तुमच्या प्रश्नात खरी माहिती एकाच ओळीत आहे: डेकमध्ये ६८ पत्ते, तीन रंग आणि २० लँड (लँड म्हणजे माना देणारे पत्ते; माना खर्चूनच बाकीचे पत्ते खेळता येतात, आणि मानाला रंग असतो). त्यामुळे 'आणखी काय घालू' याचं माझं उत्तर 'काहीच नाही' असं आहे. उलट बारा पत्ते काढा आणि चार लँड घाला, म्हणजे बरोबर ६० होतील.

राग मानू नका, मीही याच वाटेने आलोय. माझ्या पहिल्या डेकमध्ये शिवन ड्रॅगन होता. सहा मानाचा, उडणारा, पाच-पाचचा, म्हणजे मारा पाच आणि तग धरण्याची ताकदही पाच (आणि नाव असं की आपल्या माणसाला सोडवतच नाही). घरी मित्र दहा-बारा टर्न निवांत जाऊ द्यायचे, त्यामुळे तो उतरायचा आणि सगळे वाहवा करायचे. स्पर्धेत समोरच्याने पाचव्या टर्नला मला संपवलं, तेव्हा ड्रॅगन हातातच होता.

आता तुमचा हिशोब बघू. ६८ पत्त्यांत २० लँड असतील तर पहिल्या सात पत्त्यांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता जवळपास ३३ टक्के आहे. म्हणजे दर तीन डावांत एक डाव तुम्ही पत्ते उचलतानाच अर्धा हरलेले असता. ६० पत्त्यांत २४ लँड ठेवलेत तर हाच आकडा १४ टक्क्यांवर येतो. तुम्ही याला नशीब म्हणत असाल, पण यातलं बरंचसं नशीब तुम्ही घरी बसून स्वतःच ठरवलेलं असतं. रमीत जे वाटलं जाईल त्यावर खेळावं लागतं. इथे गड्डीच आपण बांधतो, मग ती नीट का बांधू नये?

काढायचं काय, तर एकेक कॉपी असलेले 'लाडके' पत्ते आधी. ६० पत्त्यांत एकच कॉपी असेल तर ती पहिल्या हातात येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आत. चार कॉपी असतील तर ४० टक्के. ज्या पत्त्यावर तुमचा डाव उभा आहे तो चारदा हवा, आणि ज्याच्या चार कॉपी घालाव्याशा वाटत नाहीत तो मुळात डेकमध्ये का आहे, हे स्वतःला विचारा. याला अपवाद असतात. महागडा, डाव संपवणारा पत्ता दोनदाच ठेवतात, कारण तो सुरुवातीला हातात अडकला तर उपयोग शून्य.

पत्ता एकटा किती भारी आहे यावर फार जाऊ नका. १९९६ साली अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाच्या खेळाडूने लाल डेक खेळवला, जो जे श्नायडर नावाच्या माणसाने आखला होता. त्यात आयर्नक्लॉ ऑर्क्ससारखे पत्ते होते, जे लोक फुकटसुद्धा घेत नसत. पण प्रत्येक टर्नला जितका माना हाताशी असेल तितका पुरेपूर खर्च होईल अशी त्याची रचना होती. माना कर्व्ह म्हणतात ती हीच. समोरचा मोठ्या पत्त्याची वाट बघत बसायचा आणि तोवर त्याचे २० लाइफ (हे शून्य झाले की डाव गेला) संपत आलेले असायचे. तुमचे पत्ते किमतीप्रमाणे टेबलावर रांगेत लावा: एक मानाचे, दोनचे, तीनचे. चार-पाचची रांग सगळ्यात लांब दिसली तर रोग सापडला.

तीन रंगांबद्दल थोडक्यात. फ्रँक कार्स्टन हा गणितात मुरलेला व्यावसायिक खेळाडू. त्याच्या हिशोबाप्रमाणे एका रंगाचा एक मानाचा पत्ता पहिल्याच टर्नला भरवशाने खेळायचा तर ६० पत्त्यांत त्या रंगाचे साधारण १४ स्रोत, म्हणजे तो रंग देणारे पत्ते, लागतात. तुमच्याकडे २० लँड तीन रंगांत वाटलेत, म्हणजे साध्या लँडवर रंगामागे सातही नाहीत. दोन रंगांचा माना देणारे लँड महाग पडतात हे मान्य, म्हणून तर म्हणतो, सध्या एक किंवा दोन रंगांवर या.

साइडबोर्डचा, म्हणजे डेकबाहेर राखून ठेवलेल्या १५ पत्त्यांचा, तुम्ही उल्लेखच केला नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकलं. तीनपैकी दोन डाव जिंकायचे असतात आणि पहिल्या डावानंतर ते १५ पत्ते आत-बाहेर करता येतात. म्हणजे स्पर्धेतले निम्मे किंवा त्याहून जास्त डाव साइडबोर्डनंतरचे असतात! तुम्ही खेळता त्या दुकानात कोण काय खेळतं ते दोन आठवडे नुसतं बघा. जे डेक जास्त दिसतात त्यांच्यापुरतेच पत्ते ठेवा, आणि प्रत्येकासमोर मुख्य डेकमधून काय *काढणार* तेही घरीच ठरवून ठेवा. नाहीतर घड्याळ चालू असताना माणूस चुकीचाच पत्ता काढतो.

पैसे खर्च करण्याआधी आज रात्री एवढंच करा. आहे तो डेक पिसून दहा वेळा सात-सात पत्ते उचला आणि किती हात ठेवण्याजोगे होते ते लिहून ठेवा. मग ६० चा करून पुन्हा दहा वेळा. शक्य तर दहाऐवजी तीस वेळा, दहात आकडे फसवतात. दोन्ही आकडे आणि नवी यादी खाली टाका, मग कुठल्या कॉपी वाढवायच्या ते बोलू.