आठ वर्षं बॅकएंड (सर्व्हरकडचं प्रोग्रामिंग) केल्यावर एलएलबी करून टेक्नॉलॉजी कायद्यात जावं का? आधीचा अनुभव वाया जाईल का?

नाही जाणार. मी इंदूरमध्ये आधी सॉफ्टवेअरमध्ये होते, आता इथेच वकिली करते आणि जुनं ज्ञान रोज उपयोगी पडतं.

सगळ्यात जास्त पडतं ते पुराव्याच्या कामात. १ जुलै २०२४ पासून जुन्या एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. कलम ६३ प्रमाणे मोबाइल, सीसीटीव्ही, ईमेल यांतल्या नोंदीची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा कोड; फाइल जराही बदलली की तो बदलतो. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए-२५६, एमडी-५ ही हॅश काढायच्या पद्धतींची नावं चक्क छापलेली आहेत. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. बऱ्याच वकिलांना हे कुणाकडून तरी समजून घ्यावं लागतं, तुम्हाला लागणार नाही.

सियागंजातले एक व्यापारी गोदामातल्या चोरीची क्लिप व्हॉट्सॲपवर घेऊन आले होते. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, मग मूळ फाइलशी हॅश जुळणार कशी? म्हटलं, "काका, आधी तो डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, बंद करून बाजूला ठेवा. डिस्क भरली की जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं." पक्षकाराला पहिल्याच भेटीत हे सांगता येणं फार मोलाचं आहे.

या विषयावर जालन्याचा खोतकर निकाल (सुप्रीम कोर्ट, २०२०) जरूर वाचा. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद व्हिडिओ रेकॉर्डिंगवर येऊन ठेपला होता. मूळ उपकरण कोर्टात आणलं नाही तर प्रमाणपत्र हवंच, असं कोर्टाने ठरवलं.

जड जाते ती कायद्याची भाषा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कंपनीने 'वाजवी' सुरक्षा ठेवावी असं म्हटलंय; कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. वाजवी म्हणजे किती, याचा आकडा मात्र नाही. डेव्हलपरला आधी स्पेसिफिकेशन हवं असतं, इथे ते युक्तिवादातून घडवायचं असतं. मला या कामाची गोडी लागली, पण ती प्रत्येकाला लागेलच असं नाही.

पैशाचं आधी बघा. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी, मग बार कौन्सिलची परीक्षा. सनद (वकिलीचा परवाना) घेऊन पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, त्यामुळे सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. घरी कर्जाचे हप्ते चालू असतील तर कंपनीच्या लीगल किंवा डेटा प्रायव्हसी टीममध्ये जा. तिथे सनदेशिवायही काम मिळतं आणि लायसन्स, करार, डेटा हेच विषय हाताळायला मिळतात.

कोर्टातच उभं राहायचं असेल तर हिंदी पक्की करा. इथल्या जिल्हा कोर्टात साक्षी, उलटतपासणी सगळं हिंदीत चालतं, आणि हॅश म्हणजे काय हे तुम्हाला तिथे हिंदीतच समजावून सांगावं लागेल.