रिपोर्ट पॉझिटिव्ह, तरी कोड चुकला?

प्रश्न : ताई, मी सहा महिन्यांपासून मेडिकल कोडिंग करतेय, म्हणजे अमेरिकन पेशंटच्या चार्टमधल्या निदानांना आयसीडी-१०-सीएम या यादीतले कोड देते. फ्लूचा सीझन सुरू झाला आणि माझे एरर वाढले. परवा ऑडिटमध्ये एकाच दिवशी दोन लागले. एक ओपीडी चार्ट होता, त्यात रॅपिड टेस्ट इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह, पण डॉक्टरांनी असेसमेंटमध्ये (नोटमधला निदानाचा भाग) फक्त ताप आणि खोकला लिहिलेलं, मी जे१०.१ (व्हायरस ओळखलेल्या फ्लूचा कोड) दिला तर चूक. दुसरा पेशंट ॲडमिट होता, डिस्चार्ज समरीत 'प्रोबेबल (बहुधा) इन्फ्लुएंझा ए' होतं, आणि इनपेशंटला प्रोबेबल असेल तरी कोड करायचं असं ट्रेनिंगमध्ये शिकवलंय म्हणून तिथेही जे१०.१ दिला, तोही चूक! मग टेस्टला काय अर्थ आणि नियमाला काय अर्थ?

उत्तर : अगं, चिडू नकोस, या दोन्ही खड्ड्यांत मी स्वतः पडलेय, आणि पहिल्यात तर चांगली दोन-तीनदा. नवीन असताना लॅबचं पान आधी उघडायची खोड होती मला, तिथे ठळक अक्षरात पॉझिटिव्ह दिसलं की कोड मनात पक्का, मग डॉक्टरांची नोट नुसती वरवर चाळायची. आता उलटं करते, आधी नोट, मग वाटलं तर लॅब.

पहिल्या चार्टचं बघ. लॅबचा आकडा म्हणजे निदान नव्हे, निदान ट्रीटिंग प्रोव्हायडर, म्हणजे उपचार करणारा डॉक्टर करतो आणि आपण त्याने लिहिलेलं कोड करतो. त्याने ताप-खोकल्यावर थांबवलं असेल तर आपणही तापाचा आर५०.९ आणि खोकल्याचा आर०५ मधला कोड यावरच थांबायचं, किंवा क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवायचा. तुझ्या चार्टमध्ये मी क्वेरीच पाठवली असती, पण ती लिहायची कशी ते महत्त्वाचं. 'इन्फ्लुएंझा ए ॲड कराल का' असं विचारलंस तर ती लीडिंग क्वेरी झाली, उत्तर तूच त्यांच्या तोंडात घातलंस. त्यापेक्षा चार्टमध्ये जे आहे ते समोर ठेव, टेस्ट अमुक तारखेला पॉझिटिव्ह आली, ओसेल्टामिव्हिर (फ्लूचं औषध) दिलंय असेल तर तेही लिही, आणि विचार की या फाइंडिंगशी जुळणारं निदान असेल तर कृपया नोंदवा. पर्याय द्यायचे असतील तर 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हे दोन्ही हवेतच.

आता याची दुसरी बाजू, जी बरेच जण विसरतात. डॉक्टरांनी स्वच्छ 'इन्फ्लुएंझा ए' लिहिलंय आणि चार्टमध्ये रिपोर्टच नाही, तर जे१०.१ बिनधास्त द्यायचा. कोडिंगच्या गाइडलाइनमधलं 'कन्फर्म्ड केसच कोड करा' हे वाचून लोक रिपोर्ट शोधत बसतात, पण त्याच गाइडलाइनमध्ये म्हटलंय की कन्फर्मेशनसाठी पॉझिटिव्ह टेस्टची नोंद लागत नाही, प्रोव्हायडरचं विधान पुरतं. आणि यात तथ्य आहे, कारण रॅपिड अँटिजेन टेस्ट बऱ्याचदा खरा फ्लूसुद्धा चुकवते, त्यामुळे निगेटिव्ह आली तरी डॉक्टर पेशंटकडे बघून फ्लू म्हणू शकतात. नुसतं 'इन्फ्लुएंझा' लिहिलं, व्हायरसचं नाव नाही, तर मात्र जे११.१.

दुसरा चार्ट जरा जास्त अवघड आहे, तिथे तुझं ट्रेनिंग चुकलेलं नाहीये, अर्धंच शिकवलंय. ॲडमिट पेशंटला डिस्चार्जच्या वेळी प्रोबेबल, सस्पेक्टेड असं काही राहिलं तर ते असल्यासारखं कोड करायचं हा नियम बरोबरच. पण त्याला अपवाद आहेत, एचआयव्ही, झिका, कोविड, आणि त्यातच जे०९ (बर्ड फ्लू वगैरे) अन् जे१० मधला फ्लू. इथे संशय असेल तर जे११ कडे जायचं, तुझ्या केसमध्ये जे११.१. मला विचारशील तर हा अपवाद शहाणपणाचाच आहे, कुठला व्हायरस फिरतोय हे या कोडवरून मोजायला गेलं तर संशयित केस त्यात मिसळलेली कुणालाच नको असणार. ओपीडीत तर प्रोबेबल वगैरे काही चालतच नाही, सरळ लक्षणं कोड करायची.

जे०९ चा विषय निघालाच आहे तर, २००९ च्या एच१एन१ ला आपण सगळे अजून स्वाइन फ्लू म्हणतो म्हणून तो जे०९ मध्ये टाकू नकोस हं, तो जे१० मध्येच येतो. जे०९ आहे एच५एन१ सारख्या बर्ड फ्लूला, किंवा एरवी डुकरांमध्ये असणारा व्हायरस माणसाला झाला तर त्याला.

प्रश्न : डॉक्टरांनी 'स्टमक फ्लू' लिहिलंय, उलट्या-जुलाब आहेत. जे१०.२ चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. स्टमक फ्लू हे बोलण्यातलं नाव, त्याचा इन्फ्लुएंझाशी संबंध नाही, ते व्हायरल गॅस्ट्रोएंटरायटिस, म्हणजे ए०८.४. जे१०.२ तेव्हाच, जेव्हा खरोखरचा, व्हायरस ओळखलेला इन्फ्लुएंझा आहे आणि त्यात पोटाचा त्रास झालाय. असाच दुसरा फसवा शब्द म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझी. तो बॅक्टेरिया आहे, त्याचा न्यूमोनिया जे१४ मध्ये जातो. नावात इन्फ्लुएंझा यायचं कारण असं की १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या पेशंटमध्ये तो सापडला आणि हाच फ्लू करतो असं त्यांना वाटलं. माणसातला फ्लूचा खरा व्हायरस १९३३ मध्ये हाती लागला, पण बॅक्टेरियाचं नाव तेच राहिलं आणि त्या चुकीची किंमत आपण कोडर अजून मोजतोय.

प्रश्न : मी क्लिनिकमध्ये डॉक्टरांची नोट टाइप करून देतो. फ्लूबरोबर न्यूमोनिया असेल तर काय काय लिहिलेलं हवं, म्हणजे कोडरचा परत परत फोन येणार नाही?

उत्तर : तुमच्यासारखे विचारणारे सगळीकडे असते तर आमच्या निम्म्या क्वेरी वाचल्या असत्या! न्यूमोनिया कशामुळे, एवढं एक वाक्य डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याच फ्लूच्या व्हायरसने झालेला असेल तर कोड जे१०.०१, वरून बॅक्टेरियाचा बसला असेल तर जे१०.०८ आणि सोबत त्या न्यूमोनियाचा वेगळा कोड, काहीच लिहिलं नसेल तर जे१०.००. म्हणजे एका शब्दाने कोड बदलतो. त्यातही व्हायरसचं नाव हवंच, नसेल तर हे सगळं जे११ च्या घरात जातं. आणि न्यूमोनियाचा फ्लूशी संबंध नाही असं डॉक्टरांचं मत असेल तर तेही स्पष्ट लिहायला सांगा, कारण दोन्ही एकत्र दिसले की कोडर नियमाने संबंध आहे असंच धरतो.

जाता जाता, लस घेतल्यावर ताप आला तर तो फ्लू म्हणून टाइप करू नका. डॉक्टरांनी 'लसीनंतरचा ताप' लिहिलं असेल तर तोच शब्द ठेवा, त्याला आर५०.८३ हा वेगळा कोड आहे, आणि लसीच्या दुष्परिणामाचा टी५०.बी९५ए सोबत लागतो.