आजीने कुंकू का लावून घेतलं नाही

चि. रोहन,

तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून रात्रपाळी संपल्यावर लिहायला बसले आहे. गेल्या संक्रांतीला समोरच्या काकूंकडे आजीने कुंकू लावून घेतलं नाही. यंदा नाताळचा फराळ त्यांनी ताटावरचा रुमालही न काढता परत पाठवला, आणि आता हळदीकुंकवाचं बोलावणंही नाही. तू विचारतोस, एवढंसं बोट कपाळाला टेकू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

आजी त्या घरी वर्षानुवर्षं जात आली आहे. अत्तर मनगटावर घेते, तिळगूळ खाते, वाण पदरात घेते. कोयरी पुढे आली की हात जोडून म्हणते, "तेवढं राहू दे गं." काकूंच्या सासूबाई होत्या तोवर त्या हसून पुढच्या बाईकडे वळायच्या. काकूंना मात्र चारचौघींत ते लागलं. लागणारच. आजोबा ठणठणीत असताना बाईने कुंकवाला नको म्हणणं आपल्याकडे अभद्र समजतात. काकू दुष्ट नाहीत, हे आधी लक्षात घे.

मी स्वतः लग्नाकार्यात टिकली लावते आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्या मंडळीतही यावर एकमत नाही. पण आजीला ते देवापुढे लावलेलं सौभाग्याचं लेणं वाटतं, आणि आपला देव वेगळा, असं ती मानते. मनाला न पटलेली गोष्ट तिने निव्वळ बोलावणं टिकावं म्हणून केली असती, तर दर रविवारी चर्चमध्ये ती काय तोंडाने उभी राहिली असती?

नाशिकला हे नवीन नाही. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांच्या गोष्टी आजीने तुला सांगितल्या असतीलच. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, वडील कमालीचे सोवळे. 1895 साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नातलग तर तुटलेच, पण सर्वांत मोठा विरोध घरातूनच झाला. लक्ष्मीबाईच त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, तेही काही वर्षं. पुढे एकत्र आल्या तरी सुरुवातीला स्वयंपाक आणि पाणी वेगळंच. टिळकांनी ना श्रद्धा सोडली, ना बायको. 1900 साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. मला या गोष्टीत टिळकांइतक्याच त्याही मोठ्या वाटतात; नवऱ्याच्या मागे मुकाट्याने गेल्या नाहीत, पटलं तेव्हा गेल्या.

त्या काळी धर्म बदलला की घरदार जायचं, विहीर बंद व्हायची, हातचं काम सुटायचं. 1850 साली इंग्रज सरकारने कायदा केला, की धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क जाणार नाही. शेतातला वाटा कायद्याने मिळाला असेल, पण पंगतीतलं पान कोण मिळवून देणार? नाशिकमधली शरणपूरची ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने वसवली ती त्याच सुमाराला. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकत होती. प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा सोबत असलेला जेकब वेनराइट नाशिकच्याच शाळेत शिकलेला.

आता तुझ्याबद्दल. आजीने मला सांगितलं, की तू काकूंच्या अथर्वला फाटकापाशी म्हणालास, "आम्हीपण तुमचा प्रसाद खाणार नाही." येशूचे शिष्य याकोब आणि योहान यांची गोष्ट आठव. शोमरोनी गावाने येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा दोघांनी विचारलं, आकाशातून अग्नी पडून हे गाव जळून जावं असं म्हणू का? येशूने त्यांनाच दटावलं आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. नासरेथात तर त्याच्याच गावकऱ्यांनी त्याला ढकलून द्यायला कड्यावर नेलं होतं; तिथूनही तो त्यांच्यामधून चालत निघून गेला. भांडला नाही, पण त्यांना बरं वाटावं म्हणून बोललेला शब्द मागेही घेतला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या, हेच अवघड आहे. मोठ्यांनाही जमत नाही. कोणी भांडतं, कोणी आडनाव बदलून फ्लॅट भाड्याने घेतं.

शाळेत कोणी विचारलं तर ख्रिस्ती आहे म्हणून सरळ सांग. "बाटलेले" म्हणालं तर उत्तर देऊ नकोस, बाईंना सांग. मुलं रोजच चिडवायला लागली तर मात्र मला कळव, मी मुख्याध्यापकांशी बोलेन; सगळंच सोसायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. अथर्वची माफी माग. काकूंकडे पुढच्या नाताळातही ताट जाईल, आजी ऐकणार नाही. परत आलं तर करंज्या तुझ्याच.

फेब्रुवारीत आजीला नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला घेऊन जा. ते चर्च कॅथलिकांचं, आपलं नव्हे, तरी तिला जायचं असतं. रांगेत नीट बघ: कपाळभर कुंकू लावलेल्या बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या असतील, आणि त्यांना कोणी ते पुसायला सांगत नाही. परत आलास की यावर तुझं मत लिहून पाठव. गणिताचे मार्कही, लपवू नकोस.

आजी-आजोबांना सलाम.

तुझी मम्मी
मस्कत