उत्तम असूनही न चाललेले मराठी सिनेमे कोणते? आणि खरंच चांगले होते, तर चालले का नाहीत?

प्रश्नाचा पहिला भागच असता तर पाचसहा नावं लिहून मी मोकळी झाले असते. दुसरा भाग मात्र मला लागला. 'चांगला असता तर चालला असता' हे वाक्य मी चौदाव्या वर्षापासून ऐकतेय, तेही घरातल्याच माणसांच्या तोंडून. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

'एक होता विदूषक', १९९२. आधी हे एकच नाव घ्या, बाकीची खाली देते.

आमची टुरिंग टॉकीज होती. माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि धाकटे चुलते तात्या यांची भागीदारी. एक लॉरी, लॉरीतच बसवलेला प्रोजेक्टर, जनरेटर आणि तंबू. यात्रांचा हंगाम सुरू झाला की पाऊस पडेपर्यंत आमचं बिऱ्हाड तंबूतच. १९९३ च्या हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आम्ही तंबू ठोकला होता. ज्यांनी ती यात्रा पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. बैलांचा बाजार, नोटांच्या माळांनी झाकलेला रथ, आणि पलीकडे पाळणे, तमाशाचे फड, सिनेमाचे तंबू. त्या वर्षी आमच्या पडद्यामागे, कनातीला कनात लागून, एका फडाची राहुटी होती.

ही प्रिंट अण्णांनी हट्टानं आणली. पुलंनी कथा-पटकथा-संवाद लिहिलेत, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं, आणि आईच्या भूमिकेत मधु कांबीकर. अण्णांना एवढं पुरेसं होतं. तात्यांना पोस्टरवरचा लक्ष्मीकांत बेर्डे पुरेसा होता. 'अशी ही बनवाबनवी' आम्ही किती यात्रांत चालवला याला मोजमाप नाही. त्यात ९३ सालीच 'झपाटलेला' आला होता, त्यामुळे लक्ष्याचा चेहरा दिसला की पोरं तंबूकडे पळत यायची. तात्या दिवसभर लाउडस्पीकरवर ओरडत होते, "लक्ष्याची धमाल! पोट धरून हसा, सहकुटुंब हसा!" अण्णांनी एकदा नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि परत रिळं तपासायला बसले.

तुमच्या 'का चालले नाहीत'चं माझ्याजवळचं अर्धंअधिक उत्तर त्या लाउडस्पीकरमध्ये आहे.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आबुराव हा तमाशात जन्मलेला पोरगा. सोंगाड्या होतो, पुढे सिनेमाचा स्टार होतो, पुढाऱ्यांच्या कामाला येतो. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या लेकीला हसवणं मात्र जड जातं. लक्ष्मीकांतला घेऊन असा सिनेमा करायला धाडस लागतं, आणि त्यानं तो होऊ देण्यासाठी स्वतःजवळची सगळी हमखास हत्यारं खाली ठेवलीत.

पहिल्या खेळाला तंबू खचाखच. लक्ष्या दिसला तशा शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या. बतावणीला, म्हणजे तमाशातल्या विनोदी सवालजबाबाला, लोक हसलेही.

मी तेव्हा पुढे नव्हते. आई तिकिटाच्या पेटीवर होती आणि मी हिंडत हिंडत पडद्यामागे गेले होते. फडातल्या सात बायका कनात वर करून मागूनच सिनेमा बघत बसल्या होत्या. आमचा पडदा पातळ, मागून चित्र स्वच्छ दिसायचं, फक्त उलटं. अक्षरं उलटी, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर. बायकांचा रंग अर्धा लावून झालेला. त्यांच्यातली चाळिशीची एक बाई पायात चाळ बांधत होती. एका पायाचे बांधून झाले होते. तेवढ्यात मधु कांबीकर नाचायला उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या पायाचे चाळ तिच्या मांडीवर राहिले ते राहिलेच. पडद्यावर पाऊल पडलं की ही बोटांनी मातीवर ठेका धरायची. मध्येच शेजारणीला म्हणाली, "बराबर हाय. शिकवणारीनं जीव लावून शिकवलंय." मला फार नंतर कळलं की या सिनेमाच्या नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्या वर्षी यालाच होता. त्या बाईला पुरस्कार माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं उलट्या चित्रातून ओळखलं.

पुढच्या बाजूला मात्र कुजबुज, मग आरडाओरडा. "लक्ष्या, हसव की!" सिनेमा गंभीर व्हायला लागला तशी ढेकळं पडद्यावर यायला लागली. एक ढेकूळ पडद्यावर आपटून फुटलं, त्याची माती पलीकडून आमच्या अंगावर आली. "पैसे परत द्या" सुरू झालं आणि तात्या लॉरीवर चढले.

एकाच प्रोजेक्टरवर खेळ चालायचा, त्यामुळे प्रत्येक रिळानंतर थांबून दुसरं चढवायचं. मधली रिळं गाळणं हा या धंद्यातला जुना उपाय. खेळ लवकर आटपतो, दंगा थांबतो. तात्यांनी दोन रिळं बाजूला काढली. अण्णा नाही म्हणाले, तात्यांनी ऐकलं नाही. खेळ कसाबसा संपला आणि दुसऱ्या खेळाला तात्यांनी लक्ष्याचाच एक हसवणारा सिनेमा लावला. तंबू पुन्हा भरला.

खेळ सुटल्यावर ती बाई लॉरीपाशी आली. एकाच पायात चाळ, त्यामुळे चालताना एकाच बाजूनं आवाज येत होता. अण्णांना म्हणाली, "मालक, तमाशातला गडी एकदम मोटारीत कसा बसला? मधलं काय झालं?"

अण्णांचा चेहरा मला आठवतो. चोरी पकडली गेल्यासारखा. म्हणाले, "तुमचा खेळ सुटल्यावर या. दाखवतो."

त्यांचा वग पहाटे चारच्या सुमाराला संपला. थंडी म्हणजे हाडं वाजत होती. साती जणी आल्या, घामानं रंग ओघळलेला, अंगावर घोंगडी. अण्णांनी जनरेटर चालू केला, कार्बनच्या नव्या कांड्या लावल्या आणि ती दोन रिळं एकामागून एक दाखवली. सात बायका, मी आणि रिकामा तंबू. या वेळी आम्ही पुढे बसलो होतो, चित्र सुलट होतं. दोन रिळं म्हणजे बावीस मिनिटं. तेवढ्यात मला पहिल्यांदा कळलं की लक्ष्मीकांत बेर्डेचा चेहरा काहीही न करताही बघावासा वाटतो. तो हसवत नव्हता. फड मागे पडत चाललाय आणि याला ते कळतंय, एवढंच होतं. ती बाई शेवटी म्हणाली, "ह्यो आमच्यातलाच वाटतोय. ह्याला कुणी शिकवलं हे?" मग तिनं कनवटीचा रुपया काढून प्रोजेक्टरच्या पेटीवर ठेवला. बाकीच्या सहा जणींनीही ठेवला. अण्णा नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "तिकीट न्हाय मालक. ही आमची दौलतजादा." दौलतजादा म्हणजे तमाशात खूश होऊन कलावंताला दिलेले पैसे.

जनरेटरच्या आवाजानं तात्या उठून आले ते डिझेलवरून ओरडतच. सात बायकांसाठी डिझेल जाळलं, हे पुढे कितीतरी दिवाळ्यांना आमच्या घरात निघालं. त्याच्या पाठोपाठ ठरलेलं वाक्य: चांगला असता तर चालला असता. तात्या आता नाहीत. ते वाक्य चुलतभावानं, म्हणजे दादानं, उचललंय. मागच्या महिन्यातल्या लग्नातही पंगतीत त्यानं ते म्हटलं.

माझं म्हणणं सरळ आहे. तंबूतले लोक सिनेमावर चिडले नाहीत, फसवणुकीवर चिडले. पोट धरून हसा म्हणून बोलावलं आणि समोर एका माणसाचं हसू संपताना दाखवलं. पाच रुपये खर्च करून, दिवसभर बाजारात पाय मोडून आलेल्या माणसानं का ऐकून घ्यावं? लाउडस्पीकरवरून "पुलंचा सिनेमा, तमाशातल्या माणसाची कहाणी" एवढं जरी सांगितलं असतं तरी तंबू अर्धाच भरला असता, पण तो अर्धा तंबू शेवटपर्यंत बसला असता. आमच्याकडे जे झालं तेच मोठ्या थिएटरांतही झालं असणार, असं मला वाटतं. लक्ष्या म्हणजे विनोद, हे प्रेक्षकांनी आणि धंद्यानं मिळून ठरवून टाकलं होतं. त्यानं एकदा साचा मोडून दाखवला, तर त्याचीच शिक्षा त्याला झाली. २००४ मध्ये तो गेला. आजही त्याचं नाव निघालं की लोक बनवाबनवीतले संवाद म्हणतात. म्हणावेत, मलाही पाठ आहेत. पण त्याचं सर्वांत मोठं काम आबुराव आहे, आणि यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

बाकीची नावं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'दोघी' (१९९५): दोन बहिणी, थोरलीला मुंबईला पाठवतात, तिच्या पैशावर घर उभं राहतं आणि तेच घर तिला आत घ्यायला कचरतं. उत्तरा बावकरांची आई विसरता येत नाही. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९): विदर्भातला शेतकरी जिवाचं काही बरंवाईट करेल या धास्तीनं बायको त्याच्यावर पोराचा पहारा बसवते. विषय ऐकून लोक घाबरतात, पण त्यात हसूसुद्धा आहे. उमेश कुलकर्णींचा 'विहीर': नात्यानं भाऊ असलेली दोन पोरं, एक जातो, दुसरा त्याला शोधत राहतो. 'वळू' बघितलेले बरेच भेटतात, त्याच दिग्दर्शकाचा हा बघितलेला क्वचित. याचं मला वाईट वाटतं.

आता एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. 'एक होता विदूषक' लांब आहे, आणि राजकारणाचा भाग सुरू झाल्यावर तो काही ठिकाणी रेंगाळतो. तात्यांनी ज्या दोन रिळांना हात लावला त्याऐवजी ही पुढची गाळली असती तर मी इतकी चिडले नसते. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी बघू नका, रात्री सलग बघा. घरच्यांना सोबत बसवणार असाल तर आधीच स्पष्ट सांगा की हा लक्ष्याचा नेहमीचा सिनेमा नाही. आणि 'पुरस्कारानं डिझेल येत नाही' हे तात्यांचं म्हणणं खरंच होतं. त्या यात्रेत तंबूच्या जागेचं भाडं निघालं ते दुसऱ्या खेळाच्या गल्ल्यातून, विदूषकाच्या नव्हे. ते मी कधी नाकारलं नाही.

डिझेलचा हिशेब मात्र मी करून ठेवलाय. आमचा जनरेटर तासाला दोन-अडीच लिटर घ्यायचा. बावीस मिनिटांचं एक लिटरही होत नाही. अण्णांची त्या हंगामाची वही माझ्या कपाटात आहे. त्या रात्रीच्या पानावर तात्यांच्या अक्षरात 'डिझेल जादा गेले' असं आहे, पुढे आकडा नाही. त्याच्याखाली अण्णांच्या अक्षरात: 'विदूषक, २ रिळे, पहाटे. दौलतजादा ७ रु.' दादा हे वाचत असेल तर त्यानं एकदा घरी येऊन ते पान बघून जावं.