पोस्टवरून गुन्हा, नोटीस कन्नडमध्ये आणि आता वकिलांनाही बोलावणं: काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. धाकट्या भावाने १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी सीमाभागातली मराठी माणसं काढतात त्या) निषेध फेरीचा व्हिडिओ टाकला, खाली 'काळा दिन' लिहिलं आणि सरकारबद्दल चार कडक ओळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ (गटागटांत वैर पसरवणं) खाली गुन्हा नोंदला गेला. नोटीस व्हॉट्सॲपवर आली, तीही कन्नडमध्ये. जे वकील उभे राहिले त्यांनाच आठवड्याभरात 'तपासासाठी हजर राहा' असं पत्र आलं आणि आता दुसरं कुणी वकालतनाम्यावर सही करायला धजत नाही.

ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, ती एकत्र बांधू नका. भावाची केस ही भावाची, वकिलांना आलेलं पत्र हे वकिलांचं. एकाच अर्जात दोन्हीबद्दल तक्रार केली की वकील आणि अशील एकाच माळेचे मणी आहेत हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं.

आधी नोटीस, कारण तारीख तिची जवळ आहे. ही नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, तपासासाठी हजर राहा असं सांगणारी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४१-अ. (पुढे १९६ आणि २२३ सोडून नुसतं 'कलम' म्हटलं की ते याच संहितेचं.) ती व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. पण नोटीस बेकायदेशीर म्हणून घरात बसणं ही या प्रकारातली सगळ्यात महागात पडणारी चूक. हजर राहिला नाही हेच कारण दाखवून मग अटक होते. त्यापेक्षा साधं पत्र लिहा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक नंबरवरून मजकूर मिळाला, तो रीतसर बजावलेला नाही, तरी मी तपासाला सहकार्य करायला तयार आहे, लेखी नोटीस आणि गुन्ह्याची प्रत द्यावी. एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवा, जिल्हा पोलीस अधीक्षकांना ई-मेल करा. गुन्ह्याची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावरही मिळायला हवी. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे २४ तासांत टाकावेत हा २०१६ चा आदेश आहे.

ठाण्यात कागद हातात आला की सही करायची, पण नुसती नाही. सहीखाली तारीख आणि वेळ, त्याखाली स्वतःच्या अक्षरात मराठीत: 'मजकूर कन्नडमध्ये आहे. मला कायद्याची कन्नड भाषा समजत नाही. मराठीत समजावून सांगितलेला नाही. प्रत मिळाली.' समजावून सांगितलं असेल तर तसं लिहा. 'मला कन्नड येतच नाही' असं मात्र सवयीने ठोकून देऊ नका. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या पोरांनाही कन्नड विषय असतो. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर कन्नडचे गुण दिसतात आणि सरकारी वकील ते कार्ड पुढे ठेवतो. मग खरी असलेली तक्रारही खोटी वाटायला लागते.

तपासात दिलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, कलम १८१ तसं सांगतं. पंचनाम्यावर सही असते, जबाबावर नसते. कोरा कागद किंवा न वाचलेलं कन्नड टाइप पुढे आलं तर हे कलम तोंडपाठ असलेलं बरं.

अटक झालीच तर एक अलीकडचा निकाल आपल्या भागासाठी सोन्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि ज्याला अटक झाली त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. गुन्हा कोणताही असो. तिथल्या तिथे लेखी देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी. म्हणून जेएमएफसीपुढे (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे) पहिला प्रश्न जामिनाचा नाही, 'कारणांचा कागद कुठल्या भाषेत दिला' हा विचारायचा आणि तो रोजनाम्यात नोंदवायला लावायचा. पुढे उच्च न्यायालयात ती एक ओळ कामाला येते. दोषारोपपत्राला मात्र हा नियम लावू नका. ते कन्नडमध्ये आलं म्हणून बेकायदेशीर ठरत नाही; आरोपी आणि वकील दोघांनाही ती भाषा येत नसेल तर न्यायालयाकडे भाषांतर मागता येतं. साक्षी समजत नसतील तर कलम ३१४ खाली दुभाषा मागता येतो.

पोस्ट पुसू नका. भीतीपोटी पहिल्या तासात सगळे तेच करतात. त्यातून पुरावा नष्ट केल्याचा आरोप येतो, आणि संदर्भही जातो: पोलिसांकडे राहते फक्त तोडलेली एक ओळ, तुमच्याकडे काहीच नाही. पूर्ण पोस्ट, तारीख, लिंक, खालच्या प्रतिक्रिया, सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र तयार ठेवा. फोन जप्त होणार असेल तर जप्तीचं व्हिडिओ चित्रण कलम १०५ खाली बंधनकारक आहे. पासवर्डबद्दल आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचा वीरेंद्र खन्ना निकाल (२०२१) आहे: न्यायालयाच्या आदेशाशिवाय पासवर्डची सक्ती नाही.

आता मुख्य कलम. १९६ ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणून दहशत वाटते. पण धर्म, भाषा, प्रदेश वगैरेंवरून गटागटांत वैर पसरवणं हा त्याचा गाभा आहे. सरकार हा गट नाही. भावाची पोस्ट कागदावर उतरवा आणि प्रत्येक ओळीचा कर्ता-कर्म शोधा. 'कर्नाटक सरकारने अन्याय केला' आणि 'ते लोक असेच' या दोन वाक्यांत जामिनापासून निकालापर्यंतचं अंतर आहे. दुसऱ्या प्रकारची एक जरी ओळ असेल तर वकिलांना आधीच सांगा. ती लपवून केलेला अर्ज पहिल्याच सुनावणीत आपटतो.

'काळा दिन' या शब्दांवर तर थेट निकाल आहे आणि तो शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातला. हातकणंगले ठाण्यात एका प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून जुन्या दंड संहितेच्या १५३-अ (आताचं १९६) खाली गुन्हा होता. त्याने ५ ऑगस्टला काश्मीरसाठी काळा दिवस म्हटलं होतं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हाच रद्द केला: सरकारच्या निर्णयाचा निषेध करणं हा नागरिकाचा हक्क, आणि त्या शब्दांचा परिणाम शहाण्यासुरत्या माणसावर काय होईल ते बघायचं, दुबळ्या मनाच्या माणसावर नाही. वर्षभराने इम्रान प्रतापगढी प्रकरणात त्याच न्यायमूर्तींनी (अभय ओक आणि उज्जल भुयान) आणखी पुढचं सांगितलं. बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यात शिक्षा तीन ते सात वर्षांच्या पट्ट्यात असेल तर कलम १७३(३) ची प्राथमिक चौकशी, तीही १४ दिवसांत पुरी होणारी, आधी करणं योग्य. तुमच्या भावाच्या गुन्ह्यात ती झाली का, हे माहिती अधिकारात नाही, थेट जामीन अर्जात विचारा.

आणि सगळ्यात विसरलं जाणारं कलम २१७. १९६ च्या गुन्ह्याची दखल राज्य किंवा केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय घेऊच शकत नाही. दोषारोपपत्र आलं की पहिल्यांदा मंजुरीचं पत्र शोधा. ते नसतानाही समन्स निघालेले असतात.

फेरीबद्दल जमावबंदी मोडल्याचं न्याय संहितेचं २२३ जोडलं असेल तर तिथेही कागद बघा. ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला म्हणतात त्याने, त्याच्या वरिष्ठाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने न्यायालयात लेखी तक्रार द्यावी लागते (कलम २१५), पोलिसांच्या दोषारोपपत्रावर ते चालत नाही. दखल घ्यायची मुदत एक वर्षाची. बंदीचा मूळ आदेश मागून घ्या. राज्य सरकारने मुदत वाढवली नसेल तर तो दोन महिन्यांपलीकडे जात नाही.

एक नोव्हेंबर किंवा बेळगावचं विधिमंडळ अधिवेशन जवळ आलं की शांतता राखण्याच्या हमीची नोटीस येते, कलम १२६, जुनं १०७. खानापुरात ती तालुका दंडाधिकाऱ्यांपुढे (तहसीलदारांपुढे). लोक 'सही केली की सुटलो' म्हणून बाँड लिहून देतात आणि पुढच्या वर्षी तोच बाँड मोडल्याचं प्रकरण होतं. चौकशी सुरू झाल्याशिवाय हंगामी बाँड मागता येत नाही, हे मधू लिमये यांच्या १९७० च्या खटल्यात ठरलेलं आहे. चौकशीला सहा महिन्यांची मर्यादा आहे. लेखी उत्तर द्या, चौकशी मागा.

आता वकिलांना आलेलं पत्र. यावर ३१ ऑक्टोबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढल्यावर गदारोळ झाला होता, त्यानंतर न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला. अशिलाच्या केसची माहिती काढण्यासाठी तपास अधिकारी वकिलाला बोलावू शकत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मधल्या अपवादात बसत असेल (म्हणजे बेकायदा कामासाठीच केलेलं बोलणं किंवा नेमणुकीनंतर वकिलाच्या नजरेस आलेला गुन्हा) तरच. आणि तेव्हाही कोणत्या वस्तुस्थितीवरून अपवाद लागतो हे समन्समध्ये लिहून, पोलीस अधीक्षकापेक्षा कमी नाही अशा अधिकाऱ्याची लेखी संमती घेऊन. वकिलाचा फोन किंवा लॅपटॉप हवा असेल तर तो पोलिसांच्या हातात नाही, न्यायालयापुढे सादर करायचा. तिथे अशिलाला नोटीस जाते आणि यंत्र दोघांच्या समक्ष उघडलं जातं.

त्यामुळे वकिलांनी ठाण्यात चहाला म्हणूनही जाऊ नये. अधीक्षकांच्या संमतीची प्रत आणि अपवादाची कारणं लेखी मागावीत, आणि ती मिळाली तरी कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात आव्हान देता येतं. गोपनीयता मात्र अशिलाची असते. भावाने कुठे लिहून दिलं की 'वकिलांना काय ते विचारा', तर ढाल तुम्हीच खाली ठेवलीत.

वकिलांच्या बाजूनेही काही गोष्टी घट्ट असाव्या लागतात. गाव लहान, सगळे एकमेकांचे, म्हणून इथे त्या सैल राहतात. वकालतनाम्यावर खरी तारीख. फी बँकेतून, पावतीसह. फेरीत स्वतः चालले असतील किंवा व्हिडिओत दिसत असतील तर त्यांनी ही केस घेऊच नये, कारण ते साक्षीदार ठरू शकतात आणि बार कौन्सिलचा नियम आड येतो. अशिलाला स्वतः जामीन राहणंही त्याच नियमांत निषिद्ध आहे. प्रेमापोटी केलेल्या या गोष्टींवरूनच शिस्तभंगाची तक्रार होते.

धमकी किंवा मारहाणीपर्यंत गेलं तर राज्याचा वकील संरक्षण कायदा आहे, डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये (विधिमंडळाच्या इमारतीत) मंजूर झालेला. हिंसेला सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा. दखलपात्र गुन्ह्यात वकिलाला अटक केली तर २४ तासांत त्याच्या वकील संघटनेला कळवणं पोलिसांवर बंधनकारक. संघटनेच्या सचिवांना आजच लेखी कळवून ठेवा, तोंडी नको.

दुसरा वकील मिळत नाही, हे नवीन नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये हुबळीच्या वकील संघटनेने तीन काश्मिरी विद्यार्थ्यांची केस कुणी घेऊ नये असा ठराव केला होता. बेंगळुरूहून धारवाडच्या न्यायालयात आलेल्या वकिलांना पोलीस संरक्षणात यावं लागलं, आणि उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर ठराव बदलला. असे ठराव शून्य असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोहम्मद रफी प्रकरणात सांगून ठेवलंय. तुमच्याकडे ठराव नाही, फक्त कुजबुज आहे, आणि माझ्या मते ती जास्त वाईट, कारण तिला आव्हान कसं देणार? बाहेरचा वकील आणा. कोल्हापूरचा वकील बेळगाव जिल्ह्यात उभा राहू शकतो, सोबत स्थानिक वकिलाचं नाव असलं की झालं. कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००.

मानवी हक्क आयोगाकडे मराठीत तक्रार चालते, मुदत एक वर्ष, फी नाही. पण विषय न्यायालयात असेल तर ते बहुधा फाइल बंद करतात, तेव्हा तक्रार वकिलांना आलेल्या पत्राबद्दलच ठेवा. घटनेच्या कलम ३५० खाली मराठी निवेदन घेणं जिल्हाधिकाऱ्यांना बंधनकारक आहे. तरी सोबत कन्नड भाषांतर जोडा. हक्क सिद्ध करायचाय की काम करून घ्यायचंय, हे त्या दिवशी ठरवा.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज बेळगावच्या सत्र न्यायालयात, कलम ४८२. जामीनदाराचे कागद आदल्या दिवशीच तयार हवेत: आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), आधार, घरपट्टीची पावती, फोटो. तुमची जमीन महाराष्ट्रात चंदगडकडे असेल तर 'परराज्यातला जामीनदार नको' असं ऐकायला मिळेल. मोतीराम प्रकरण (१९७८) पुढे ठेवा. तिथे एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता आणि त्याच्या भावाची हमी, मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं आणि रक्कम एक हजारावर आणली.