दार्जिलिंगहून चहाच्या बिया आणून आपल्याकडे लावल्या तर तोच सुगंध येईल का?

नाही येणार. हापूसची कोय पुरून हापूस मिळतो का? रायवळच मिळतो. मग चहानेच काय घोडं मारलंय!

प्रश्न वाचून आमचे मामाच आठवले. मी तीन वर्षं दार्जिलिंगला एका बागेत असिस्टंट होतो तेव्हा मामा-मामी फिरायला आले होते. एव्ही-टू या चहाच्या वाणाच्या प्लॉटच्या कडेला एक न छाटलेलं झाड होतं, त्याच्या खालच्या गोटीएवढ्या तपकिरी बिया मामांनी रुमालात बांधल्या. मी म्हटलं, अहो मामा, एव्ही-टू हा क्लोन आहे, एकाच झाडाच्या काड्या लावून वाढवलेला, आणि चहाला स्वतःचा पराग सहसा चालत नाही, त्यामुळे या बीची आई कोण ते दिसतंय, बाप कोण ते माशीलाच ठाऊक. मामांचं एकच, "सगळा गुण मातीत असतो रे."

आंबोलीच्या घरी अकरा बिया लावल्या, चार जगल्या. चार वर्षांनी गेलो तर चार रोपं चार तऱ्हेची. एकाचं पान वीतभर, मऊ, पोपटी, म्हणजे सरळसरळ आसामी रक्त. एकाचं दोन पेरांएवढं, काळपट, ताठ, चिनी वळणाचं. उरलेली दोन मधलीच कुठलीतरी. मामांनी कप नाकाखाली धरला, "आला ना वास?" आला होता, पण लिंबासारखा. परसात बघतो तर गवती चहाचं बेट नुकतंच कापलेलं, आणि मामी भलतीकडेच बघतायत.

आता मुद्दा. चहाच्या चिनी जातीच्या पानात जेरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य जास्त, गुलाबासारखा वास त्याचाच, आणि आसामी जातीत लिनालूल या दुसऱ्या सुगंधी द्रव्याचं पारडं जड. हे प्रमाण मुख्यतः आईबापांकडून येतं, माती ते पालटत नाही. (गवती चहाचा वास सिट्रलचा, आणि ते झाड सिट्रल बनवतं जेरॅनिऑलपासूनच, म्हणजे मामांचा कप नात्यातला होता, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

आणि यातली बरीचशी द्रव्यं ताज्या पानात साखरेला बांधलेली असतात, हुंगलंत तर नुसता पाल्याचा वास येईल. पान कोमेजवून, रोल करून पेशी फुटल्या की एन्झाइम ती सोडवतं. मामींनी पानं सुपात घालून कडक उन्हात वाळवली होती, मग कसला सुगंध.

बरं, प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं वाणावरही नाही. तोच एव्ही-टू खाली सपाटीला लावला तर तसा कप देत नाही, थंडी आणि उंची लागतेच. आणि मे-जूनमधला दार्जिलिंगचा तो द्राक्षासारखा मस्कटेल स्वाद येतो त्यात तुडतुड्यांचा मोठा हात आहे, ते कोवळं पान शोषतात आणि झाड त्याला उत्तर म्हणून वेगळी सुगंधी द्रव्यं बनवतं. म्हणजे माती नाही तरी जागेला महत्त्व आहे, एवढं मी मामांना द्यायला तयार आहे.

तुम्हाला लावायचाच असेल तर बी नको, काडी मिळवा. एक पान, त्याखालचं एक पेर, आम्लधर्मी मातीची पिशवी, वर सावली. आणि घरात कुणी "सगळा गुण मातीत" म्हणालं तर त्या चार रोपांचे फोटो आहेत माझ्याकडे, मागा, पाठवतो.